लेकीच्या घरचं पाणी

"पाहा गुरुजी, हा बुढा लेकीची हवा खाऊन राहिला," नत्थूजी म्हणाले. कुडत्याच्या बाहीने त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा टीव्हीकडे पाहू लागले.

पडद्यावर शनीजवळचं एक अंतराळस्थानक फिरत होतं. म्हातारा इंजिनिअर तिथे पोचता पोचता त्याची हवेची टाकी फुटली होती. स्थानकाची प्रमुख त्याचीच मुलगी. तिने आपल्या टाकीची नळी बापाच्या टोपाला जोडली होती आणि दोघं एकाच टाकीवर हळूहळू दाराकडे सरकत होती.

"जीव वाचवून राहिली ना ती त्याचा," मी म्हणालो.

"वाचवो ना. पण आपण लेकीच्या घरचं पाणी पेत नाही, अन् याले हवा चालते. याच्या घरी कोणी सांगणारं नव्हतं काय?"

नत्थूजी माझे शेजारी. सौंसरच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि जाताना कापसाची थोडी धूळ छातीत ठेवून गेलं. संध्याकाळी माझ्या ओसरीवर गल्लीतली मुलं अभ्यासाला बसतात. ती उठली की नत्थूजी येतात. टीव्ही त्यांच्याही घरी आहे. पण बायको, प्रेमलताबाई, गेल्यापासून त्यांची मतं ऐकायला तिथे कोणी नाही.

मतं त्यांना प्रत्येक गोष्टीवर होती. या मालिकेतली माणसं दोनशे वर्षं पुढची, पण कोणी कोणाच्या दारात बूट काढत नाही, कोणी आल्या माणसाला जेवला का म्हणून विचारत नाही, हे त्यांना सहन होत नसे. "अन् याहीचे पुढारी पाहा. इतक्या दूर गेले, तरी खुर्चीसाठी भांडूनच राहिले. आपले बरे. मत मागाले तरी घरी येतात. मंग भलेही पाच वर्षं शनीवर जाऊन बसोत."

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आमचं सौंसर त्यात गेलं, तेव्हा ते महिनाभर बोलत होते. त्यांची एकुलती एक मुलगी स्मिता पांढुर्ण्यालाच दिलेली. "सरकारनं आता अख्खं सौंसरच तिकडे देऊन टाकलं," ते म्हणायचे. "म्हणून मी कलेक्टर हापिसातही पाणी पेत नाही. लेकीच्या सासरचं हापिस ते."

लोक हसायचे. नत्थूजीही हसायचे. पण स्मिताकडे ते खरोखरच पाण्याचा थेंब घेत नसत. लेकीला मूल झालं की मग चालतं, असं आमच्याकडे पुष्कळ जण मानतात. स्मिताला मूल झालं नाही. वर्षं गेली, आणि ते पाणी तसंच थांबून राहिलं.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. नत्थूजी आत जात नाहीत. पायात कॅनव्हासचे बूट तसेच ठेवून वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर बसतात, पिशवीतून आपली बाटली काढतात, आपली भाकर खातात. स्मिता तरीही दर वेळी पेला आणून त्यांच्यासमोर ठेवते. ते निघाले की ती तो पेला उचलते आणि पायरीजवळच्या गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, बुडाशी ओतते. झाड चांगलं छपरापर्यंत गेलं आहे. त्याची पानं ती नत्थूजींच्या पिशवीत घालून देते. पानं ते घेतात. झाडाची गोष्ट वेगळी, म्हणतात.

मालिका संपेपर्यंत पाचवीतली डिंपल माझ्याकडेच रेंगाळते. त्या दिवशीही ती दप्तर पाठीला लावून दारात उभी होती.

"आबाजी, तुम्ही स्मिता आत्याच्या घरी जाता तं हवा घरून नेता काय?"

नत्थूजी हसले. हसता हसता खोकला आला. "हवा कोणाची नसते, बाई. ते देवाची."

"अन् पाणी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय शिकवून राहिले गुरुजी तुम्ही या पोट्ट्याइले?"

मुलाने नेमका प्रश्न विचारला की मास्तराने मध्ये पडू नये, तो प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्यावा, एवढं मी नोकरीत शिकलो आहे. आईची हाक आली तशी डिंपल पळाली. नत्थूजी जाहिराती पाहत बसून राहिले. जाहिरातींवरही त्यांचं मत असतं. त्या दिवशी नव्हतं.

थंडीत त्यांना दमा एवढा लागला होता की दवाखान्यात चार दिवस नाकाला नळी होती. यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून स्मिताचा रोज फोन. फोन कानाला धरला तरी तिचा आवाज माझ्यापर्यंत येई. "बाबा, या ना इकडे. खोली रिकामीच हाये."

ती खोली इतकी वर्षं कोणाच्या पाळण्यासाठी रिकामी ठेवली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"जावंसं वाटत नाही काय?" मी विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते." त्यांनी फोन खिशात ठेवला. "पण जिथं पाणी पेता येत नाही, तिथं राहाचं कसं, गुरुजी? अन् आता मी पेलो, तं ते काय म्हणन?"

ते म्हणजे प्रेमलताबाई. एका वैशाखात लेकीच्या वऱ्हांड्यात त्यांच्या घशाला कोरड पडली होती. हात पेल्याकडे गेलाही होता. 'चाल, स्टँडवर पिऊ,' नत्थूजी म्हणाले आणि त्या उठल्या. हे प्रेमलताबाईंनीच माझ्या बायकोला हसत हसत सांगितलं होतं. 'नातू होऊ द्या, मंग घागरभर पेतो,' असंही म्हणाल्या होत्या.

पुढच्या शनिवारी नत्थूजींनी मला सोबत बोलावलं. पिशवीत भाकर होती, भरलेली बाटली होती. जामसांवलीच्या फाट्यावर त्यांनी तिथल्या मारुतीला बसमधूनच हात जोडले. एरवी जिल्ह्यावर, रस्त्यावर, ड्रायव्हरवर काही ना काही बोलणारा माणूस पांढुर्ण्यापर्यंत मांडीवरची पिशवी धरून बसला होता.

स्मिताने दोन पेले आणले. एक मला दिला, दुसरा सवयीने त्यांच्यासमोर ठेवला आणि ती आत वळणार, तोच नत्थूजींनी पेला उचलला.

ती थांबली. ट्रे तिने छातीशी धरला.

नत्थूजी वर तोंड करून प्यायले नाहीत. पेला ओठांना लावून, मध्ये श्वास घेत, घोट घोट प्यायले. अर्धं झाल्यावर थांबले, खुर्चीचा हात धरून उठले आणि पायरीपर्यंत जाऊन उरलेलं पाणी त्यांनी गोडनिंबाच्या बुडाशी ओतलं. मातीने ते पिऊन टाकेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"हे तुह्या आईचं," ते म्हणाले.

स्मिता पायरीपर्यंत आली. मग तिने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला. "अजून आणू, बाबा?"

"आण. माठातलं आण."

ती आत गेली. पिशवी खुर्चीला टेकलेली होती, बाटलीचं झाकण बंदच होतं. नत्थूजी पायरीवर बसले, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठ जुनी होती, त्यांना धाप लागत होती. मी हात पुढे केला नाही.