सोसायटीच्या दारातली हातगाडी

मित्रांनो, मी कोरियातल्या सोल शहरातली एक जुनी हातगाडी आहे, आणि मला भयंकर राग आलेला आहे. आपली कहाणी शांतपणे सांगावी म्हणतात. मला ते जमणार नाही.

टेकडीवरच्या वस्तीत लोखंडी नळ्या जोडून मला बनवलं. बारा वर्षं मला माल्सुन आजींनी ओढलं. एकट्या राहणाऱ्या, कमरेत वाकलेल्या. दर गुरुवारी खालच्या उंच इमारतींच्या सोसायटीत लोक कचरा वेगळा करून ठेवत आणि आम्ही पुठ्ठे उचलून रद्दीच्या दुकानात विकत असू. आजी प्रत्येक खोक्याची चिकटपट्टी नखाने सोलून काढायच्या. छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणानंतर भेटींच्या खोक्यांनी मी इतकी भरायची, की माझ्याआड आजी दिसायच्याच नाहीत!

"आजी, तुमच्यामुळे आमचं अंगण लख्ख असतं," पहारेकरी पाक काका म्हणायचे. आमचं कौतुक एवढंच.

मग सोसायटीला 'हरित वसाहत' म्हणून बक्षीस हवंसं वाटलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा छे बाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून आल्या.

"परीक्षक येणार आहेत, आजी. हा खटारा इथे नको. पर्यावरणाचं तुम्हाला काय कळणार म्हणा, तुमचं आपलं पोटासाठी."

"पोटासाठीच करते हो," आजी म्हणाल्या. "म्हणून काय पुठ्ठा कमी वाचतो?"

पुढे आठवडाभर आजी गुडघ्याने अंथरुणाला खिळल्या आणि मी अंगणातच राहिले. "बेवारस आहे," छे बाई म्हणाल्या. पाक काका बोलायला गेले, पण नोकरीच्या भीतीने गप्प बसले. माझी चाकं काढली. मला हिरवा रंग फासला, पोटात माती भरली, फुलं लावली. वर पाटी ठोकली: 'टाकाऊतून टिकाऊ'. टाकाऊ? मी? बारा वर्षं तुमचा पसारा वाहिला तो कोणी?

बक्षीस मिळालं. फोटो निघाले. पुठ्ठा आता चिकटपट्टीसकट कचऱ्याच्या ट्रकमध्ये जातो.

आज आजी आल्या. मोडक्या बाबागाडीत चारच खोकी होती, त्याहून जास्त तिच्यात मावत नाहीत. त्यांनी मला ओळखलं. माझी दांडी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"आजी, फुलांना हात लावू नका हं!" छे बाई ओरडल्या. "जरा पर्यावरणाची काळजी घ्या!"

मित्रांनो, झाडं लावा, कापडी पिशव्या वापरा, माझी ना नाही. पण तुमचा कचरा जी वेचते तिला आधी माणूस समजा. आणि कोणीतरी माझ्या पोटातली ही माती उपसा, मला माझी चाकं द्या. आजी अजून दांडी सोडत नाहीयेत.