पहाटे येणारी माणसं

गेतनेतने खोली घेतली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. खोली म्हणजे एक पलंग, दोन घोंगड्या, भिंतीवर मरियमचं चित्र आणि अंगणात उघडणारं दार. न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. आदिस अबाबात पियासाच्या मागच्या चढावर अशी स्वस्त निवासं ओळीने आहेत. खेड्यापाड्यांतून बसने आलेली माणसं तिथेच उतरतात, आणि दवाखान्याच्या कामाला आलेली तर हमखास.

गेतनेतही दवाखान्याच्याच कामाला आला होता. देब्रे मार्कोसला तो पिठाच्या गिरण्या दुरुस्त करायचा. आईला राजधानीत आणून महिना होत आला होता. आईजवळ त्याची धाकटी बहीण साबा होती आणि देखरेखीला मामा. आज सकाळी आईच्या पोटाचं ऑपरेशन होतं. पहिल्या गाडीने निघून तो भेटीच्या वेळेआधी पोचणार होता, पण अबाय नदीच्या घाटात एक ट्रक आडवा झाला आणि सगळी वाहतूक तिथेच अडकली. शहरात पाय ठेवला तोवर भेटीची वेळ टळली होती.

बसमधून उतरताच त्याने मामाला फोन लावला.

"आज येऊ नकोस," मामा म्हणाला. "आता आत सोडत नाहीत. तिथेच पियासाला अस्कालेच्या निवासात खोली घे. पोटभर जेव, झोप. सकाळी मीच येतो तुला न्यायला."

"ऑपरेशन झालं का, मामा?"

"झालं, झालं. सकाळी बोलू."

आणि फोन बंद. साबाचा फोन तर लागतच नव्हता.

जेव, झोप, सकाळी बोलू. गेतनेत पलंगाच्या कडेवर बसला आणि ते शब्द मनात घोळवत राहिला. त्या मुलखात वाढलेल्या कुणालाही त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मरणाची बातमी तिथे फोनवर देत नाहीत, रात्री देत नाहीत, उपाशी माणसाला देत नाहीत. आधी त्याला जेवू घालायचं, झोपू द्यायचं. फटफटायला लागलं की चार वडीलधारी माणसं मिळून जायचं, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्याने तोंड उघडायचं. तोवर जो तो खोटं बोलणार, आणि ते नीट बोलता येणं हा माणुसकीचाच भाग. गेतनेत स्वतः असा गेला होता. मुलुकेन सुताराचा भाऊ गेला तेव्हा आदल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून, थट्टा करत त्याला जेवायला लावायचं काम गेतनेतकडेच दिलं होतं. त्याने ते उत्तम केलं होतं. मुलुकेनला शेवटपर्यंत शंका आली नाही.

दार वाजलं. निवासाची मालकीण इतेते अस्काले उभी होती. इतेते म्हणजे थोरली बहीण. त्या चढावर सगळेच तिला तसं म्हणायचे.

"जेवलास का रे?"

"भूक नाही, इतेते."

"भूक नसली तरी जेवायचं. ये बाहेर. एकटा खोलीत बसू नकोस."

आल्यापासून तिने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

अंगणात शेजारच्या खोलीतली बाई आपली बॅग उघडून बसली होती. वुबालेम तिचं नाव. तिशी उलटलेली, केस मेंदीने लालसर, बोलणं घडाघडा. सहा वर्षं बेरूतला लोकांच्या घरी काम करून ती आजच दुपारच्या विमानाने परतली होती. गाव उत्तरेला, वोल्लोत, हायक तळ्याकाठी. खोली भावानेच ठरवली होती आणि उद्या तो गाडी घेऊन येणार होता.

"तुम्ही पण जेवायला तयार नव्हता ना?" ती म्हणाली. "या बाईंनी मला दुपारपासून दोनदा जेवू घातलंय. बेरूतला मॅडम कुलूप लावायची फ्रिजला, आणि इथे आल्यापासून कुणी तोंड मिटू देत नाही."

"वाळून आलीयस," इतेते म्हणाली. "तुझ्या आईने पाहिलं तर मला बोल लावेल. तुझ्याच गावच्या बाजूची आहे मी, माझी लाज राखायला नको?"

एकाच थाळीत इंजेरा, आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, पसरली होती, तिच्यावर मसूर आणि वाटाण्याचं पिठलं. वुबालेमने पहिला तुकडा मोडून घास केला आणि, रिवाजाप्रमाणे, थेट गेतनेतच्या तोंडापाशी नेला.

"आ करा. असं तोंड काय पाडलंय? कुणी पळून गेली का तुमची?"

"आई दवाखान्यात आहे."

तिचा हात थांबला नाही. "मग तर जास्तच खा. आजाऱ्यापुढे उपाशी गेलं की आजारी माणूसच आपली काळजी करत बसतं."

घास गिळवत नव्हता. पाणी घ्यायचं निमित्त करून तो स्वयंपाकघराच्या मागे गेला. तिथे भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगाने मोहल्ल्याच्या मयत-मंडळाचं नाव घातलेलं होतं. अशा मंडळाच्या खुर्च्या एकाच कामासाठी निघतात. इतेते पलीकडे फोनवर बोलत होती. त्याला पाहताच तिचा आवाज खाली आला आणि तिने पाठ वळवली.

ती वळली तेव्हा तो तिथेच उभा होता.

"या खुर्च्या?"

"उद्या बायका यायच्यात. कॉफीला."

"कुठल्या बायका?"

"शेजारच्या. तू ताटावरून का उठलास?"

तो पाणी घेऊन ताटावर परतला. आणखी विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं, आणि तिचा चेहरा पाहता ते तिला धड जमलं नसतं. शिवाय विचारलं नाही तर आई निदान सकाळपर्यंत तरी जिवंत होती.

पण बसवेना. जेवण तसंच टाकून तो फाटकाबाहेर पडला आणि चढ उतरून मिनीबसच्या थांब्यावर गेला. दवाखान्याकडे जाणारी गाडी भरत होती. तो आत शिरला, खिडकीशी बसला. मग त्याला दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं. पहारेकरी नाव विचारेल, आत जाईल, बाहेर येईल आणि नजर चुकवेल. भर रस्त्यात, एकट्याला, उभ्या-उभ्या कळेल. तो उठला आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत खाली उतरला. थोडा चालला, परत फिरला, पुन्हा चढला.

"काय दादा," कंडक्टर म्हणाला, "बसायचंय की उतरायचंय? गाडी आहे ही, पाळणा नाही."

लोक हसले. गेतनेत पुन्हा उतरला. गाडी निघून गेली आणि ती वळणाआड होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.

परत आला तेव्हा दिवस मावळला होता. हवेत गारठा उतरला होता आणि निलगिरीच्या लाकडांचा धूर अंगणभर होता. वुबालेम अजून बॅगेशीच बसली होती. एकेक वस्तू काढायची, झटकायची, पुन्हा घडी करून ठेवायची.

"भेटली आई?"

"नाही. सकाळी."

"सकाळी तर सकाळी. इतकी वर्षं मी सकाळच्याच भरवशावर काढली. हे बघा." तिने एक छोटी डबी पुढे केली. आत कानाला लावायचं यंत्र होतं. "बाबांना. ईस्टरपासून फोनवरच येत नाहीत. भाऊ म्हणतो, ठार बहिरे झालेत, आता काहीच ऐकू येत नाही, उगाच ओरडू नकोस. मी म्हटलं, थांबा, आणतेच. आधी लावणार आणि मग पहिली शिवी मीच ऐकवणार."

"चांगलं केलंत," गेतनेत म्हणाला. त्याचं लक्ष फाटकाकडे होतं.

"तुम्ही ऐकताय कुठे? तुम्हालाच लावायला हवं हे."

तो कसनुसा हसला आणि खोलीत गेला. रात्रभर कपडे आणि बूट न काढताच तो पडून होता. कूस बदलायचा, उठून बसायचा, साबाचा नंबर लावायचा. एकदा डोळा लागला असेल नसेल.

पहाटे चर्चच्या भोंग्यावरून पठण सुरू झालं आणि त्याच सुमाराला फाटकाची कडी वाजली. इतेतेने कोण म्हणूनही न विचारता दार उघडलं. गेतनेतने दाराच्या फटीतून पाहिलं. पाच-सहा माणसं आत आली, पाय न वाजवता. सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या शाली, आणि शालींचा काठ वर, गळ्याशी घेतलेला. तो काठ वर आला की समजायचं, कुणीतरी गेलंय. अंधूक उजेडात चेहरे दिसत नव्हते. मागच्या एकाची अंगलट मामासारखी वाटली.

ते दारापर्यंत येईतो थांबणं त्याला जमलं नाही. त्याने दार लोटलं, दोन पावलं टाकली आणि तो खाली बसला.

"आई," तो म्हणाला. एवढंच. आणि मग जे रडू फुटलं ते त्याचं त्यालाच आवरेना.

माणसं होती तिथेच थबकली. शेजारचं दार उघडून वुबालेम धावत आली. केस मोकळे, शाल कशीबशी ओढलेली. ती सरळ फरशीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांवरून हात फिरवायला लागली.

"रडा. गप्प राहू नका, रडा. तुमची आई जेवढी तुमची तेवढीच आमची." तीही रडत होती. मग तिने मान वर करून त्या माणसांना विचारलं, "कधी गेल्या हो त्या?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"अहो, सांगा ना त्यांना. किती वेळ उभे राहणार असे?"

सर्वांत पुढे काठी टेकून एक म्हातारा उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. वुबालेमने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"अयालेव आजोबा? गाव सोडून तुम्ही इथे कुठे?" तिने बाकीच्यांकडे पाहिलं. तिचा भाऊही होता, सर्वांत मागे. "तुम्ही ओळखता यांच्या आईला?"

इतेते मागून आली आणि तिने वुबालेमच्या खांद्यावर हात ठेवला. गेतनेतला डोळे उघडायची गरज पडली नाही. केसांवरून फिरणारा तळवा मध्येच थांबला, तेव्हाच त्याला सगळं कळलं.

"कधी?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"ईस्टरच्या आधी, पोरी," म्हातारा म्हणाला. "परक्या मुलखात एकटी होतीस. तिथे तुला कोण सावरणार होतं? म्हणून नाही कळवलं."

"म्हणजे बाबा बहिरे झालेच नव्हते."

त्यानंतर ती जे ओरडली त्याने गल्लीतल्या बायका धावत आल्या. खुर्च्या मांडल्या गेल्या. चूल पेटली. वुबालेमने छाती बडवून घेतली, बायकांनी तिचे हात धरले, आणि कधीतरी त्या हातांतून सुटून तिने गेतनेतची बाही पकडली. तो तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला. काल दुपारपासून दोनदा जेवायला लावलेली ती, गावच्या बाजूची मालकीण तिची, ईस्टरपासून फोनवर न आलेला बाप तिचा. हे सगळं त्याच्या समोर, एका थाळीवर मांडलेलं होतं, आणि त्याने त्यातली खूण न् खूण उचलून स्वतःच्या पदरात टाकली होती.

त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. आणि मग वाटलं, सुटलो कुठे? ही माणसं तिची होती, एवढंच. माझी अजून यायची असतील. फाटकाची कडी वाजली की तो दचकायचा आणि किती जण आत येतात ते पाहायचा. दोन बायका आल्या. तीन पुरुष आले, त्यांतला एकही ओळखीचा नव्हता. तरी त्यांतला शेवटचा खुर्चीला टेकेपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

मग मामा आला. अंगात रोजचा करडा कोट, हातात डबा, आणि एकटा. गेतनेतने त्याच्या मागे पाहिलं. फाटकाबाहेर रिकामा चढ होता. अशा कामाला कुणी एकट्याने येत नाही.

मामाने भरलेलं अंगण पाहिलं, भाच्याचे सुजलेले डोळे पाहिले, आणि कुणीही केलं असतं तेच केलं: डबा भिंतीशी ठेवला, टोपी काढली आणि येऊन शेजारी बसला. बराच वेळ मान खाली घालून बसल्यावर तो कुजबुजला, "कोण गेलं?"

"यांचे वडील."

"तुझे कोण हे?"

"कुणी नाही. काल एका थाळीत जेवलो."

मामाने मान हलवली. "तुझी आई पहाटेपासून तुझ्या नावाने ओरडतेय. गिरणी सोडून कशाला आला, म्हणते. सूप घेऊन चाललोय तिच्यासाठी, निवतंय."

गेतनेत दात आवळून म्हणाला, "जेव, झोप, सकाळी बोलू. असं कुणी सांगतं का, मामा?"

"डॉक्टर समोर उभे होते, मी काय कथा सांगत बसू? साबाचा फोन गाडीत मारला कुणीतरी, त्यात..." मामा बोलता बोलता थांबला. त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, शालींच्या काठांकडे पाहिलं, मग भाच्याकडे. त्याचा चेहरा उतरला. "रात्रभर?"

"रात्रभर."

वुबालेमने ऐकलं होतं. बसलेल्या आवाजात तिने विचारलं, "तुमची आई?"

"बरी आहे," गेतनेत खालच्या आवाजात म्हणाला.

"मग जा. वाट बघत असेल."

तिने जा म्हटलं, पण बाही तिच्या मुठीत तशीच होती. मामाने डब्याकडे पाहिलं आणि मग काही न बोलता पाय दुमडून नीट बसून घेतलं. तिची मूठ आपणहून सुटेपर्यंत गेतनेत हलला नाही, आणि तोवर सूप पार निवून गेलं होतं.