तो धक्का मला ठाऊक आहे

जरा थांबता? पायरीवर बसा हवं तर, अजून मजबूत आहे ती. मी बोलतेय. हो, मीच, जिच्या सावलीला तुम्ही आत्ता टेकलात ती ही जुनी घरगाडी. रंग उडालाय, काचा धुरकटल्यात, पण आतून अजून धड आहे. मला एक गोष्ट ठाऊक आहे, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. ती मनात ठेवून उभं राहणं आता मला जड जातं.

जन्माने मी घर नव्हे, बस. एका कारखान्याच्या कामगारांना न्यायची-आणायची. सकाळी झोपाळलेली माणसं माझ्यात चढत, संध्याकाळी दमलेली उतरत. कुणी खिडकीला डोकं टेकून घोरायचं, कुणी शेजाऱ्याला सुनेची गाऱ्हाणी सांगायचं. मग कारखान्याला टाळं लागलं आणि मी कुंपणाशी उभी राहिले. माझ्या चाकांतून गवत वर आलं, एका मांजरीने मागच्या बाकाखाली पिल्लं घातली. बसचं म्हातारपण असंच जातं, मी मान्यही करून टाकलं होतं.

तेव्हा सुतार आला. त्याला सगळे ‘पाचर’ म्हणत, कारण जिथे बोटभर फट दिसेल तिथे हा घुसणारच. माझ्याभोवती एक फेरी मारून, पत्र्यावर टकटक करून म्हणाला, “हाडं चांगली आहेत हिची. मांस मी चढवीन.”

आणि चढवलं. बाकं काढून त्याने माझ्यात घडीचं टेबल बसवलं, ओटा केला, भिंतीत कप्पे केले, मागे वरखाली झोपायच्या फळ्या टाकल्या. त्याचा शाळासोबती शिंपी, त्याने पडदे शिवले. मोरी इतकी चिंचोळी झाली की शिंपी म्हणाला, “आत जायच्या आधीच ठरवा तोंड कुठे करायचं ते. आत गेल्यावर विचार बदलता येणार नाही.” सुताराची बायको, जिला हे दोघे वहिनी म्हणत, हसून हसून ओट्याला टेकली. माझ्यात पहिल्यांदा कुणी इतकं हसलं ते त्या दिवशी.

हा सगळा खटाटोप होता तिसऱ्या मित्रासाठी. तो मास्तर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. डोंगरांपलीकडे, रस्ता संपतो तिथे एक खारं सरोवर आहे, ते मास्तर फळ्यावर असं काढायचे की मुलं म्हणत, मास्तरांचं आजोळच असणार तिथे. प्रत्यक्षात मास्तर गावाच्या पुलापलीकडे फारसे गेले नव्हते. आधी आईचं आजारपण, मग बहिणींची लग्नं, मग सवय.

“आयुष्यभर नकाशावर बोट फिरवलंस,” सुतार म्हणाला, “आता चाक फिरव. तुझं ते सरोवर खरं आहे की तूच काढलंस, ते बघून येऊ.”

मास्तरांनी उतारवयात मोठी गाडी चालवायचा परवाना काढला. सुरुवातीला ते मला वर्गातल्या आडदांड पोरासारखं दामटायचे. पुढे आमची गट्टी जमली. माझा गिअर कुठे अडतो, उतारावर मी कशी कुरकुरते, सगळं त्यांना पाठ झालं.

काय दिवस होते ते! सपाट माळ, रिकामे रस्ते, पेट्रोल पंपाच्या मागे झाडाखाली मुक्काम. वहिनी भात टाकायच्या, शिंपी कांदा चिरताना रडायचा आणि म्हणायचा, मला बायकोची आठवण आली. वहिनी म्हणायच्या, “भावजी, तुमची बायको माहेरी मजेत आहे, रडायचं तर तिने रडावं, तुम्ही परत जाणार आहात म्हणून.” सुतार जेवता जेवता उठून कुठली तरी खिटी घट्ट करायचा. मास्तर आरशात मागे बघत गालात हसायचे. माणसं म्हातारपणी इतकी लहान होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं.

मग घाट आला.

चढण नीट पार पडली. उताराला लागलो आणि भरदुपारी धुकं उतरलं. म्हणजे इतकं की मास्तरांना माझं नाकसुद्धा दिसेना. उजव्या बाजूला कडा, डाव्या बाजूला दरी. थांबायला जागा नाही. मागून कुणी येऊन धडकलं तर सगळेच खाली जातील. सुताराने शिंप्याच्या कापडातला एक लाल तुकडा घेतला आणि दार उघडलं.

“मी पुढे चालतो. तू माझ्या आवाजावर ये.”

“अरे, नको,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, वर्गात तू बोलायचास आणि पोरं ऐकायची. आज जरा उलटं.” असं म्हणून तो उतरला.

वहिनी पुढे मास्तरांच्या शेजारी बसल्या. शिंपी मागच्या खिडकीतून कड्यावर नजर ठेवून होता. आणि पुढून आवाज यायला लागला, “येऊ दे… येऊ दे… डावी सांभाळ… येऊ दे…” लाल तुकडा मधूनच धुक्यात फिकट दिसायचा आणि पुसला जायचा.

आता मी सांगते ते नीट ऐका. धुक्यात मलाही दिसत नाही, पण रस्त्यावरची पावलं मला चाकांतून कळतात. सुताराची पावलं माझ्या पुढे चांगली लांब होती. तो पुढे गेल्यावर वरच्या कड्यावरून एक धोंडा सुटला, घरंगळत माझ्या डाव्या पुढच्या चाकाखाली आला. धक्का बसला. चाक त्यावर चढलं, उतरलं, आणि धोंडा कडेवरून दरीत गेला. दगड होता तो. नुसता दगड.

मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला. “पाचर! ए पाचर!”

क्षणभर काही नाही. मग पुढून आवाज, “येऊ दे!”

वहिनींनी श्वास सोडला. “चला भावजी, बोलावतायत ते. पुढे घ्या.”

मी पुढे निघाले. त्याची पावलं मला कळत होती. पुढच्या वळणावर ओली खडी होती. तिथे एक पाऊल घसरलं. खडे खाली गेल्याचं जाणवलं. ओरडणं नाही, काही नाही. लाल रंग विझला. पावलं थांबली.

एक श्वास जाईल इतकी शांतता. आणि मग आवाज आला, “येऊ दे…”

या वेळी जवळून आला. अगदी माझ्या काचेला लागून. आणि त्या आवाजाखाली पावलं नव्हती.

मी काय करणार होते? मास्तर त्या आवाजावर चाक वळवत होते आणि मी वळत होते. “उजवी धर… आता सरळ… हळू, पुढे खड्डा आहे… येऊ दे…” प्रत्येक वळण बरोबर. एकदाही माझं चाक कडेला गेलं नाही. गाडी चालवणारा माणूस आणि बोलावणारा माणूस यांच्यात मीच तेवढी होते, आणि बोलावणारा माणूस रस्त्यावर नाही हे मला एकटीला कळत होतं. इंजिन तापलेलं असूनही माझा पत्रा त्या दिवशी बर्फासारखा गार पडला होता.

घाट संपला तिथे धुकंही संपलं. लख्ख ऊन. पुढे नाका, दांडा आडवा. मास्तरांनी मला उभं केलं. वहिनी चहाचा थर्मास घेऊन उतरल्या. “गारठला असाल, या—” असं म्हणत पुढे गेल्या आणि थांबल्या. रस्ता मोकळा होता.

“पुढे चालत होते ते कुठे गेले?” त्यांनी नाकेवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, “पुढे कोण? मी मघापासून बघतोय बाई. धुक्यातून गाडी तेवढी बाहेर आली.”

थर्मास हातातून पडला नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

सुतार दुसऱ्या दिवशी सापडला, वरच्या वळणांखालच्या घळीत. नेमका कुठून पडला ते कुणाला सांगता येईना. पोलिसांनी मला पुढून-मागून तपासलं, काही मिळालं नाही. पाय घसरून पडला, असं ठरलं. ठरलं ते खरंच होतं. पण मास्तरांना पटलं नाही.

मला परत आणून वहिनींच्या दारात उभं केलं. सुताराच्या कामशाळेला कुलूप, मलाही कुलूप. मास्तर यायचे. वहिनी बाजारात गेल्या आहेत अशी वेळ साधून यायचे. माझ्या पुढच्या पत्र्यावरून बोटं फिरवायचे. मी जुनी बस, माझ्या अंगावर पोचे कमी का होते! एकेका पोच्यावर त्यांची बोटं थांबायची. आंधळ्याने चेहरा वाचावा तसे ते मला वाचत होते, आणि चुकीचं वाचत होते.

एकदा शिंप्याने त्यांना तिथेच गाठलं.

“किती वेळा सांगू तुला? धक्क्यानंतर आवाज आला होता. मी माझ्या कानांनी ऐकला.”

“मीही ऐकला,” मास्तर म्हणाले. “नाक्यापर्यंत ऐकला. घळीत पडलेला माणूस नाक्यापर्यंत बोलत आला का?”

शिंपी माझ्या पत्र्यावरची धूळ पुसायला लागला.

“बोल की. त्यातला जिवंत माणसाचा आवाज कुठवर आणि पुढचा कुठून? तू सांग, मी आज गाढ झोपतो.”

ज्या आवाजाने आम्हाला वाचवलं, त्यानेच मास्तर निर्दोष असल्याचा पुरावा खाऊन टाकला होता. मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी. मला सगळं ठाऊक. पण मला दिलाय तो हॉर्न, त्यातून शब्द कसे यावेत?

तुम्हाला वाटेल, तो आवाज पुढे माझ्यात राहायला आला असेल. नाही आला. मी वाट पाहिली. वाऱ्याने फळी करकरली की मी कान द्यायची. लाकूडच असायचं. माणूस झपाटतो तो कुणी आल्याने, मी झपाटले ते कुणी न आल्याने.

मग एका सकाळी वहिनींनी कुलूप काढलं. मला आतून पुसलं, भांडी लावली, आणि दोघांना बोलावणं धाडलं. “रस्ता अर्धा राहिलाय,” म्हणाल्या. “यांनी हातात घेतलेलं काम अर्धवट टाकलेलं मी कधी पाहिलं नाही.”

“वहिनी, मला चाकावर बसवू नका,” मास्तर म्हणाले.

“मग कोण बसणार? या शिंप्याला साधी सायकल धड येत नाही.”

मास्तर बसले. माझा पाठ असलेला गिअरही त्यांना दोनदा सापडला नाही. घाटात त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. वळणं उन्हात उघडी पडली होती, आणि रस्ता किती अरुंद आहे ते तेव्हाच सगळ्यांनी पाहिलं. धक्का बसला होता त्या जागेच्या आसपास मास्तरांनी मला थांबवलं.

“वहिनी, इथे मला धक्का बसला होता. गाडीखाली काहीतरी आलं होतं. मला वाटतं, तो…”

शिंप्याने तोंड फिरवलं.

वहिनी समोर बघतच म्हणाल्या, “मलाही बसला होता. तुमच्या शेजारीच तर होते मी. आणि ‘पुढे घ्या’ असं मीच म्हटलं होतं.”

“म्हणजे तुम्हाला इतके दिवस…”

“हो. रोज. तुम्ही दारातून परत जायचात ते मला कळायचं. मी बाजारात नसायचेच, भावजी. आतच असायचे.”

मास्तर चाकावर डोकं टेकून रडले. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “असेल तसं, तर असो. तुमच्या हातून झालं असेल, तर मी माफ केलं. मनापासून. आता पुढे घ्या.”

किती मोठ्या मनाची बाई! पण मी आतून तुटले. कारण माफी मिळाली तेव्हाच मास्तरांच्या मनात गुन्हा पक्का झाला. आधी शंका होती. शंकेला निदान एक खिडकी असते. न केलेल्या गोष्टीची माफी गळ्यात घालून ते उतारावर निघाले. या वेळी कुणी बोलावलं नाही. फक्त माझं इंजिन.

आम्ही सरोवराला पोचलो. खरं होतं ते. मास्तर फळ्यावर काढायचे तसंच, पांढऱ्या काठाचं. शिंपी गुडघाभर पाण्यात गेला, वहिनी काठावर बसल्या. मास्तर माझ्या दाराशी, सरोवराकडे पाठ करून उभे राहिले. कितीतरी वेळ. एकदाही वळले नाहीत.

परतताना मी सुरू झाले नाही. मेकॅनिकने मान हलवली. काठावर विश्रामगृह चालवणाऱ्या बाईने मला ठेवून घेतलं. तिघे प्रवासी गाडीने गेले. वहिनी आणि शिंपी नंतर एकदा येऊन गेले, माझ्यात बसून चहा प्यायले. मास्तर आले नाहीत. ते आता कुठल्याच गाडीत पुढच्या बाकावर बसत नाहीत, असं शिंपी सांगत होता.

माझ्या चाकांखाली आता विटा आहेत. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालून झिजत चाललाय. कधी कुणी प्रवासी आत झोपतो, सकाळी म्हणतो, झोप छान लागली. बरं वाटतं. माझी तक्रार नाही. गंजेन मी सावकाश.

पण तुम्ही तर जाल इथून, गावोगाव फिराल. कुठे एखादे म्हातारे मास्तर भेटले, जे गाडीत कायम मागे बसतात आणि घाट आला की डोळे मिटून घेतात, तर त्यांच्याशेजारी बसा. मी सांगितलं म्हणून नका सांगू, विश्वास ठेवणार नाहीत. तुम्हाला सुचेल तसं सांगा. पण सांगा की तो दगड होता. आणि त्यांना एकदा इकडे तोंड करून बघायला सांगा. सरोवर अजून आहे.