निळ्या रेघांचे यजमान

माणसाने आजवर जे जे बांधलं, त्यात सगळ्यात थोर गोष्ट म्हणजे दोन शेजाऱ्यांमधली भिंत. संस्कृती म्हणतात ती तिथूनच सुरू होते. आमच्या त्सुबामे-सो या इमारतीतल्या भिंती तर अशा, की वरच्या मजल्यावर कुणी नाक शिंकरलं की मी खाली रुमाल शोधतो.

वर लागून लागून दोन बिऱ्हाडं. एकात होसोया-सान, दाताच्या दवाखान्यात कामाला. दुसऱ्यात कुरामोची-सान, नकाशे छापणाऱ्या कंपनीत. दोघंही एकटी, तिशीच्या अलीकडची. निदान होसोया-सान एकट्या आहेत हे मला आता कळलंय. खाली मी आणि माझ्या कुंड्या.

शेजारधर्माचा आमचा पहिला नियम असा, की ऐकू आलेलं ऐकायचं नाही. होसोया-सानच्या किटलीने शिट्टी दिली की कुरामोची-सान आपला टीव्ही बारीक करायचे. एकदा त्या आईशी फोनवर बोलता बोलता रडल्या, तर ते आपल्या कानावर पडू नये म्हणून हा भला माणूस पंखा लावून बसला. भर जानेवारीत. बाहेर निघताना शेजारचं दार वाजलं, तर बूट घालून आतच उभं राहायचं. जिन्यावरची पावलं विरली की मग बाहेर. इतकी वर्षं शेजारी राहून दोघांनी एकमेकांचा चेहरा धड पाहिला असेल की नाही, मला शंका आहे.

ओळख झाली ती बाल्कनीत, तीही न दिसता. दोन्ही बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ फळी आहे. तिच्यावर लाल अक्षरांत सूचना : संकटकाळी ही फळी फोडून शेजारी जावे. एका लाथेचं काम. रविवारी सकाळी दोघं कपडे वाळत घालायला यायची आणि फळीच्या अल्याड-पल्याड बोलायची. कुरामोची-सानच्या घरची संत्र्यांची बाग, तिकडे एहिमेला. फळीच्या कडेवरून हात लांबवून ते संत्र्यांची पिशवी द्यायचे. बोटांना बोटं लागायची, की दोघंही एकदम हवामानावर यायची.

"यंदाची गोड आहेत का हो?" ते विचारायचे.

"गेल्या वेळेपेक्षा आंबट."

"मग द्या परत."

"संपली."

एकदा भूकंपाचा बरा धक्का बसला. दोघं बाल्कनीत धावली. मी अंगणात, कुंडीला मिठी मारून.

"होसोया-सान, फोडू का?"

"थांबा... थांबला वाटतं."

"हो. थांबला."

भूकंप थांबल्याची बातमी इतक्या पडलेल्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती.

अडचण एकच होती. होसोया-सानच्या दांडीवर दर रविवारी एक निळ्या रेघांचा पुरुषी शर्ट वाळत असे, आणि शेजारी बनियनं. रस्त्यावरून स्वच्छ दिसायचं. दर आठवड्याला तोच शर्ट. मला त्या गृहस्थाची कीव यायची. कुरामोची-सान मात्र घरी येताना एकदा वर बघायचे आणि मान खाली घालून जिना चढायचे. विचारणार कसं? बाईमाणसाच्या घरात कोण राहतं हे विचारणं म्हणजे आमच्याकडे संकटाशिवाय फळी फोडणं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दारात टेम्पो आला. मी कुंड्यांना पाणी घालत होतो.

"होसोया-सान, आहात?"

"आहे. टेम्पो तुमचा?"

"हो. गावी चाललो, कायमचा. वडिलांना आता बाग झेपत नाही."

"अगंबाई. आजच?"

"आजच. आपला फार आधार होता. यजमानांनाही माझा नमस्कार सांगा."

"कुणाला?"

"यजमानांना. ते... निळ्या रेघांचे."

वर इतकी शांतता झाली, की माझ्या झारीतलं पाणी फार मोठ्याने पडायला लागलं. मी झारी सरळ धरली.

"तो शर्ट माझ्या भावाचा आहे," होसोया-सान म्हणाल्या. "एकटी मुलगी राहते हे रस्त्यावरून कळू नये, म्हणून आईने दिलाय. सगळ्याच जणी लावतात."

"आणि बनियनं?"

"तीही आईनेच दिली, न फोडलेल्या पाकिटात. कुरामोची-सान, इतक्या दिवसांत तुम्हाला कधी पुरुषाचा आवाज आला?"

"मी मुद्दाम ऐकत नव्हतो. आणि मला वाटलं, शांत स्वभावाचे असतील."

त्या हसल्या. हसणं मध्येच तुटलं.

"मी संत्री दोन माणसांच्या हिशेबाने द्यायचो," ते म्हणाले.

"म्हणून इतकी! मी त्या जास्तीच्या संत्र्यांचा भलताच अर्थ लावून बसले होते."

"तोही होता."

माझी नजर त्या फळीवर. लाल अक्षरं खालून वाचता येत नव्हती, पण मला पाठ होती. आता एक लाथ, कुरामोची-सान. हेच संकट.

"गेल्या महिन्यात आईने एक स्थळ सुचवलं," ते म्हणाले. "शेजारच्या बागवाल्यांची मुलगी. आता इथे थांबून काय करायचं, असं वाटलं. हो म्हणून मोकळा झालो. वसंतात लग्न आहे."

एक चिमटा माझ्या कुंडीत येऊन पडला.

"अभिनंदन," होसोया-सान म्हणाल्या. अगदी दवाखान्यातल्या आवाजात.

"आभारी आहे."

रस्त्यावरून टेम्पोवाला ओरडला, "साहेब, निघायचं ना? की अजून वाळायचंय काही?"

"आलो!" म्हणाले, पण पावलं हलली नाहीत.

"कुरामोची-सान, जाताजाता एक विनंती होती."

"बोला ना. काहीही."

मी झारी खाली ठेवली.

"तुमचा एखादा जुना शर्ट ठेवून जाल का? हा आता फारच विटलाय."