घरची ओवी

शारदाबाईंनी शेवटचं बेलपान ओल्या फडक्याने पुसून तबकात ठेवलं, चष्मा लावला आणि मगच फोन सरळ केला. सकाळपासून तो पाटाशेजारी पालथा पडून गुरगुरत होता. ‘झिरिया परिवार’ या ग्रुपवर त्र्याण्णव निरोप येऊन पडले होते, आणि निम्म्यांत त्यांचंच नाव होतं.

झिरिया हा रायपूरच्याच चार पोरांचा बँड. नदीच्या वाळूत हातानं उकरून पाणी काढतात त्या झऱ्याला छत्तीसगढीत झिरिया म्हणतात. तेच नाव त्यांनी घेतलं होतं. मांदराचा ढोल आणि गिटार एकत्र वाजवून ते कधी छत्तीसगढी ददरिया गाणी म्हणत, कधी वऱ्हाडी ओव्या. त्यांच्या चाहत्यांचा हा ग्रुप. मुलगी अनुश्री हिने आईला त्यात घातलं, आणि लग्न होऊन भिलाईला गेल्यावर ती स्वतः कंटाळून बाहेर पडली. आई मात्र टिकली. दोन-अडीचशे माणसांत साठीच्या पुढच्या त्या एकट्याच, म्हणून सगळ्यांच्या काकू.

‘पाच वाजता, दोस्तहो! काकूंची ओवी येऊन राहिली,’ असं स्वानंदने, म्हणजे बँडच्या गायकाने, लिहिलं होतं. खाली गाण्याचं चित्र होतं, आणि चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत : ओवी – श्रीमती शारदा पिंपळापुरे, बूढापारा, रायपूर, यांच्या घरची परंपरा.

‘काकू, बधाई हो!’

‘आज सोमवार आहे भाई. काकू मौनात. फक्त वाचतील,’ असं देवीदासने बजावलं होतं. देवीदास सदर बाजारातला कापडवाला, ग्रुपचा अॅडमिन.

‘काकूंचा सोमवार म्हणजे ग्रुपचा सायलेंट मोड,’ असं यशदीपने टाकलं होतं. हा पोट्टा कशाचीही मस्करी करी.

शारदाबाई हसल्या. सोमवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत त्या बोलत नसत, आणि बोटंही चालवत नसत. तोंड मिटून बोटांनी गप्पा मारल्या तर ते मौन कसलं, असं त्यांनी स्वतःशीच ठरवलं होतं. नऊ वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. भावजयीच्या मरणाचा फोन आला तेव्हासुद्धा त्यांनी तो नुसता कानाला लावून ऐकला होता.

त्या अंगठ्याने निरोप वर ढकलत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

‘नमस्कार. मी रुचिता. मागच्या आठवड्यातच ग्रुपमध्ये आले. ही ओवी माझ्या आजीची आहे. आजीचं नाव मीराबाई. आणि आजीच्या ओवीत रामराया नाही, भीमराया आहे.’

खाली तिने ओवी लिहिली होती.

दळण सरलं बाई, पीठ मावेना सुपात
भीमराया आला माझ्या लेकीच्या रूपात
हाती पाटी-लेखणी, डोई पुस्तकांचा भारा
लेक चालली शाळेला, वाट सोडा गं बाजारा

शारदाबाईंनी फोन मांडीवर ठेवला. मग बेलपानांचं तबक थोडं डावीकडे सरकवलं. मग पुन्हा उजवीकडे.

दोन महिन्यांपूर्वी स्वानंदने सगळ्यांना सांगितलं होतं, ‘आपापल्या घरचं एकेक गाणं पाठवा, आजीचं, आईचं, जे असेल ते.’ त्या वेळी शारदाबाईंनी देवघरासमोर बसून ही ओवी म्हटली आणि पाठवून दिली. सोबत लिहिलं, ‘आमच्या घरची जुनी ओवी.’ साठ गाण्यांतून तिची निवड झाली. त्या दिवशी ग्रुपवर इतके हात जोडले गेले की त्यांना दोनदा फोन चार्जिंगला लावावा लागला. आपण काही खोटं लिहिलं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पस्तीस-छत्तीस वर्षं जे त्या पोळ्या लाटताना, वाती वळताना गुणगुणत होत्या, ते घरचं नाही तर कुठलं?

फोन पुन्हा गुरगुरला.

‘मॅडम, लोकगीत सबका होता है,’ कोणीतरी लिहिलं.

‘सगळ्यांचं आहे तर खाली एकाच घराचं नाव काहून आहे?’ रुचिताचा प्रश्न.

‘काकू झूठ बोलून राहिल्या असं म्हणायचं आहे का तुले?’ हा देवीदास.

‘मी तसं म्हटलं नाही, भैया. मी एवढंच विचारून राहिले, रामराया पाटी-लेखणी घेऊन कुठं चालला?’

‘वशिष्ठांकडे ट्यूशन होती,’ यशदीपने लिहिलं. त्यावर हसणारी तोंडं पडत गेली, पंधरा, वीस, तीस. मग त्याचाच पुढचा निरोप आला : ‘पण खरंच यार. लेकीच्या रूपात राम? मी हे गाणं शंभर वेळा ऐकलं, हे डोक्यातच नाही आलं.’



शारदाबाईंना आठवली ती रेल्वे कॉलनीतली दोन खोल्यांची क्वार्टर्स. शारदाबाई लग्न होऊन नुकत्या आल्या होत्या. मागच्या अंगणाला अंगण लागून मीरेचं घर. तिचा नवरा भैय्यालाल आणि शारदाचा नवरा रामकृष्ण एकाच वर्कशॉपात. मीरेने भंडाऱ्याहून येताना एक छोटं जातं आणलं होतं. सासूबाई दुपारी लवंडल्या की शारदा मागच्या दाराने तिकडे जाई. समोरासमोर बसून दोघी एका खुंट्याला हात लावीत, हरभऱ्याची डाळ भरडीत, आणि मीरा ओव्या घाली. परत येताना शारदा मोरीत पाय धुऊन घरात शिरे. का धुवायचे हे कोणी सांगितलं नव्हतं. ते ठाऊकच असे.

आणि एकदा ती स्वयंपाकघरात तीच ओवी म्हणत होती, तर सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

‘कोणाचं नाव घेऊन राहिली गं?’

‘रामरायाचं,’ ती म्हणाली. एका श्वासाचीही वाट न पाहता.

‘हं. मग म्हण.’

बस. तेवढंच झालं होतं. पुढे बदली झाली, मीरा बिलासपूरकडे गेली, त्या बूढापाऱ्यात आल्या. ओवी राहिली आणि तिच्यात राम राहिला.

साडेतीन वाजता रामकृष्णराव झोपून उठले. चहा झालेला नाही, बायको पाटावर बसून आहे, मांडीवर फोन उजळतो आहे, हे त्यांनी पाहिलं. मौनाच्या दिवशी काही विचारण्यात अर्थ नसे. त्यांनी फोन उचलला आणि लांब धरून वाचत गेले.

‘मीराबाई,’ ते म्हणाले. ‘भैय्यालालची मीरा? त्याच दिसतात. मोठी नात असेल ही.’

शारदाबाईंनी मान खाली घातली.

‘तिथूनच तर तू शिकली होती. मले मालूम होतं, तू दुपारी कुठं जात होती ते. भैय्यालाल सांगे नं वर्कशॉपात. शारदावहिनीचा गळा चांगला आहे, म्हणे.’ ते थांबले. पुढचे निरोप वाचत राहिले. ‘हा देवीदास काय लिहून राहिला पाहा.’

देवीदासने लिहिलं होतं : ‘बहोत हो गया. काकू उपासतापास करणाऱ्या बाई आहेत, खोटं त्यांच्या तोंडून निघूच शकत नाही. रुचिताने चार वाजेपर्यंत माफी मागावी. नाहीतर मी ग्रुपमधून काढतो.’

त्याखाली अंगठे उमटले होते. रुचिताने लिहिलं होतं, ‘माफी कशाची? काकूंना विचारा.’ आणि स्वानंदने लिहिलं होतं, ‘काकूंचं मौन दिवेलागणीला सुटेल. पण गाणं पाचलाच टाकावं लागेल, सगळीकडे सांगून झालं. काकू म्हणाल्या होत्या आमच्या घरची, माझ्यासाठी तेवढं पुरे.’

रामकृष्णरावांनी फोन बायकोच्या हातात परत दिला.

‘पाचले गाणं येते. तुझं मौन सुटते सातले,’ ते म्हणाले. ‘चला. तुले तर काही बोलाच लागत नाही. सुटली तू.’

त्यांनी ते धीर देण्यासाठीच म्हटलं होतं. आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. ते चहाचं पातेलं चढवायला आत गेले, आणि शारदाबाई तशाच बसून राहिल्या. देवघरात समई संथ जळत होती. मौन धरलं की जिभेकडून पाप होत नाही, असं त्यांना महाराजांनी सांगितलं होतं, आणि नऊ वर्षं त्यांनी ते जसंच्या तसं मानलं होतं. त्यांनी देवाकडे पाहिलं. मग फोनच्या काचेकडे पाहिलं. तिथे चाराला दहा कमी होते.

‘फिर भी नहीं मांगेगी?’ कोणीतरी लिहिलं.

‘पब्लिसिटी पाहिजे असते लोकांना.’

शारदाबाई उठल्या. गुडघा कटकन वाजला. समईची वात त्यांनी सारखी केली, तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली, जशी त्या जपाला बसण्याआधी भरत. मग देवघराकडे तोंड करून बसल्या आणि फोनवरचं माइकचं चिन्ह दाबून धरलं. सकाळपासून न वापरलेला आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. अंगठा सुटला. त्यांनी पुन्हा दाबला.

‘मी शारदा बोलून राहिली. ओवी मीराची आहे. रेल्वे कॉलनीत तिच्या जात्यावर मी शिकली. नाव मी बदललं. सासूले भिऊन बदललं.’ त्या थांबल्या. घसा खाकरला. ‘पण सासू जाऊन वीस वर्षं झाली, तरी तसंच ठेवलं. ते काही भिऊन नाही. रुचिता खरं बोलून राहिली. तिले कोणी काही म्हणायचं नाही. ओवी अशी आहे.’

आणि त्यांनी ओवी म्हटली. भीमराया हा शब्द आला तेव्हा आवाज जरा चढाच लागला, जिना चढताना एक पायरी जास्त धरल्यासारखा. पण पुढे पाटी आली, लेखणी आली, पुस्तकांचा भारा आला, बाजारातून वाट काढत लेक निघाली, आणि प्रत्येक शब्द आपापल्या जागी जाऊन बसला. शेवटच्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की रामकृष्णराव गाळणी हातात धरून दारात उभे आहेत.

त्यांनी अंगठा उचलला.

खुणा निळ्या होत गेल्या. लोक ऐकत होते. ‘देवीदास टाइप करत आहेत’ असं वर आलं, गेलं, पुन्हा आलं. तिघे जण काही न लिहिता ग्रुप सोडून गेले. त्यांतले एक रोज सकाळी शारदाबाईंना प्रणाम पाठवणारे होते.

‘काकू, पाचचं थांबवतो,’ शेवटी स्वानंदने लिहिलं. ‘मले ही परत म्हणावी लागेल. रुचिता, आजींशी बोलता येईल का?’

‘चला, पाटी ज्याची त्याच्या हातात गेली,’ यशदीपने लिहिलं. पुढे काही हसणारं तोंड लावलं नाही.

देवीदासचं एकच वाक्य आलं. ‘आज सोमवार होता, काकू.’

शारदाबाईंनी ते दोनदा वाचलं. रामकृष्णरावांनी चहाचा कप त्यांच्याजवळ ठेवला. सोमवारी त्या घेत तसा, बिनदुधाचा. तो निवेपर्यंत त्यांनी हात लावला नाही.

साडेचारच्या सुमारास फोन पुन्हा उजळला. या वेळी ग्रुपवर नाही. रुचिताने त्यांना एकटीला लिहिलं होतं.

‘काकू, आजी आमच्याकडेच असते, इथं रायपुरातच, शंकर नगरला. आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तुमचं रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. तिने तीनदा लावायला सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल. ती म्हणाली, शारदीने शेवटची ओवी काहून नाही म्हटली?’

शारदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. शेवटची? दोनच तर होत्या.

रुचिता लिहीतच होती. ‘आजी म्हणते, तिसरी ओवी तुमची. तुम्ही जात्यावर रचली होती. आमच्या घरी ती तुमच्याच नावाने म्हणतात. माझ्या आत्याच्या हळदीलाही म्हटली होती. आम्हाला लहानपणापासून ठाऊक, की शेवटची शारदीची. ती शारदी म्हणजे तुम्ही, हे मात्र आत्ता कळलं. आजीचा आवाज पाठवते.’

वीस सेकंदांचा आवाज होता. रामकृष्णराव शेजारी येऊन बसले. शारदाबाईंनी बटण दाबलं.

आधी खोकला. मग ‘चालू झालं का गं पोरी?’ असं कोणाला तरी विचारणं. मग ‘आता शारदीची’, आणि फाटलेल्या पण सुराला पक्क्या आवाजात –

जातं ओढता ओढता, हाताला हात लागला
सांगू नको गं सासूले, जीव मैतरणीले जागला

आवाज संपला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा रामकृष्णरावांनी हळूच विचारलं,

‘हे तू केलं होतं?’

शारदाबाईंनी आठवून पाहिलं. ते अंगण आठवलं, जात्याचा खुंटा आठवला, त्याच्यावरच्या हिरव्या बांगड्यांचा एक हात आठवला. ओवी आठवेना. त्यातला एक शब्द ओळखीचा वाटेना. परक्या घरात वाढलेली आपली पोर समोर यावी आणि चेहरा लागू नये, तसं झालं. त्यांनी डोळे मिटले, ओठांनी ओळ घोळवून पाहिली, बोटांनी मांडीवर जात्याचा फेरा धरून पाहिला. काही उमटेना.

मग त्यांनी फोन जवळ घेतला आणि एकेक अक्षर शोधत, एका बोटाने लिहिलं :

‘मीरा, मले ती आठवत नाही.’

खुणा निळ्या झाल्या. पलीकडे कोणीतरी ते वाचून दाखवत असणार. उत्तराला थोडा वेळ लागला.

‘आजी म्हणून राहिली,’ रुचिताने लिहिलं, ‘मले आठवते नं.’