गच्चीवरचं पान

त्या रविवारी ईश्वरीच्या जिवाला कुठेच थारा नव्हता. तिनं साडी नेसली, सोडली, ड्रेस घातला, काढला आणि पुन्हा साडीच नेसली. नावड्याच्या त्या दीड खोलीत आरसा एकच, तोही मोरीच्या दाराला, त्यामुळे निऱ्या दिसायच्या तर चेहरा दिसायचा नाही. आई पाठीशी उभी राहून पदर टाचून देत होती.

"हलू नको गं. पिन टोचंल. पोर हाय का पाखरू?"

आईचं नाव सुमित्रा. पंधरा वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका घरातून ती एक पिशवी आणि दहा वर्षांची लेक घेऊन बाहेर पडली, ती मागं वळली नाही. तळोज्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली, उभ्यानं पाय सुजवले आणि लेकीला शिकवलं. आज त्या लेकीला ऋषीच्या घरचे पहिल्यांदा बघणार होते. सुमित्रानं पहाटे उठून शेंगदाण्याची चटणी कुटली होती, उखळातली, लसूण सढळ घालून. डबा रुमालात बांधून तिनं लेकीच्या हातात दिला.

"रिकाम्या हातानं जाऊ नये. आणि पोचलीस की फोन कर. मानसं कशी आहेत ते सांग. तवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

कोपरखैरण्याला ऋषी स्कूटर घेऊन उभा होता. एरवी बडबड्या, आज गप्प. बोनकोडे गावाची कमान आली आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"ईशू, एक सांगायचं राहिलंय. चिडू नकोस."

"ऋषी, मी आधीच टेन्शनमध्ये आहे. बोल पटकन."

"घरी मी सांगितलंय की तुझी आई वारली. तू लहान असताना."

कमानीखालून एक टेम्पो गेला, रिक्षा गेली, भाजीची गाडी गेली. ईश्वरीला वाटलं, आपण चुकीच्या माणसाच्या गाडीवर बसलोय.

"दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे," ऋषी घाईनं बोलायला लागला. "यशराजदादाची बायको नुकतीच सोडून गेली होती. मम्मी महिनाभर धड जेवली नव्हती. त्यात तिनं विचारलं, ती नावड्याची मुलगी, तिचे आईवडील काय करतात? तुझ्या आईनं नवरा सोडला म्हटलं असतं, तर तुझं नाव परत काढू दिलं नसतं घरात. तोंडातून निघून गेलं."

"माणूस मारणं तोंडातून निघून जातं?"

"फक्त आजचा दिवस. एकदा ठरलं की मी स्वतः सांगतो. प्रॉमिस."

"तू जेवलायस तिच्या हातचं."

त्यानं हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं. ईश्वरी गाडीवरून उतरली. समोरून एक रिक्षा रिकामी येत होती. हात केला असता तर थांबली असती. एवढ्यात वरून हाक आली. कमानीलगतची गल्ली अशी अरुंद की या गॅलरीतून त्या गॅलरीत वाटी द्यावी; त्यातल्याच एका पहिल्या मजल्यावरून एक बाई ओणवी होऊन सगळ्या गावाला सांगत होती, "आली गो आली! ऋषीची आली!"

मग कुठली रिक्षा.

ती बाई म्हणजे ऋषीची आई, स्मिता. दारात तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि हनुवटी धरून चेहरा वर केला. डोळे भरून आले होते तिचे. "आईविना वाढलीस गं. बघ कशी झालीस, काडी नुसती."

ईश्वरीनं रुमालात बांधलेला डबा पुढे केला.

आत ऋषीचे वडील, नंदकिशोर, एसीचा रिमोट घेऊन तयार होते. नुकतेच रिटायर झालेले, बोलायला माणूस हवाच होता. "नावडे! म्हणजे आमच्या पेट्रोलचे पैसे तिकडं जातात होय? मी म्हणतो पोराचं ऑफिस वाशीला, टाकी रोज रिकामी कशी!"

सगळे हसले. ईश्वरी हसली, पण ओठांनीच. सोफ्याच्या या टोकाला बसली, त्या टोकाला सरकली. भिंतीवर एका फ्रेमएवढा रंग बाजूच्या रंगाहून उजळ राहिला होता. मोठ्या सुनेचा फोटो तिथं असणार. तिच्या नजरेला तेवढीच जागा दिसत राहिली.

स्मितानं डब्याचा रुमाल सोडला. लसणाचा वास घरभर झाला. "अगं बाई! कोणी केली?"

एका शब्दाचं तर उत्तर होतं. ईश्वरीनं ऋषीकडे पाहिलं. तो टीपॉयवरचा पेपर सरळ करत होता.

"मी," ती म्हणाली. समोरचं पाणी तिनं एका दमात संपवलं.

मांडीवरची पर्स थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली. फोनवर कोण आहे ते बघायची गरज नव्हती.

"घे ना फोन," स्मिता म्हणाली.

"ऑफिसचा आहे काकू."

"रविवारचा?"

"ही पोरगी एके जागी बसत का नाय?" कोपऱ्यातून आवाज आला. "बूड पोललाय काय तिचा?"

खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली ती ऐंशीच्या घरातली म्हातारी म्हणजे वेणूबाई, नंदकिशोरची आत्या. आडवं पातळ, कपाळावर गोंदण, आवाज मात्र तारेसारखा ताणलेला. गावची धवलारीण ती. लग्नघरी भटजीला नंतर सांगतात, आधी वेणूबाईला. तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. गावातल्या तीन पिढ्यांच्या आयांची, आज्यांची नावं तिला तोंडपाठ, कारण धवल्यात नाव घ्यावं लागतं.

"आत्या, घाबरलीय ती," नंदकिशोर म्हणाले.

"घाबरू दे. मी घाबरलेली तवा चुलीमागं लपून बसलेली. हिला चूल पन नाय लपाला. ऊठ गो पोरी, वर चल. ऊन उतरल मंग कावले जातील खाडीकडं."

ईश्वरीला कळेना. स्मितानंच सांगितलं. या घरात सोयरिकीचं बोलणं गेलेल्या माणसांच्या आधी होत नाही. मुलाकडचं एक पान, मुलीकडचं एक पान, दोन्ही गच्चीवर मांडायची. वेणूबाई नाव घेऊन जेवायला बोलावते, कावळा शिवतो, आणि मगच जिवंत माणसं खाली बसून काय ते ठरवतात.

"हे माझ्या सासूसासऱ्यांचं," स्मितानं ओट्यावरच्या केळीच्या पानाकडे बोट दाखवलं. वडे, मटण, भात. "आणि हे तुझ्या आईचं."

दुसऱ्या पानावर बाजरीची भाकरी होती. कडा फाटलेल्या, मध्ये एक करपलेला डाग.

"ऋषीला विचारलं, त्यांना काय आवडायचं? बाजरी म्हणाला. मी जन्मात थापली नाही गं. आमी तांदळाचे लोक. पहाटेपासून चार मोडल्या, ही पाचवी. गोड मानून घेतील ना?" आणि तिनं डब्यातली चटणी चमचाभर घेऊन भाकरीशेजारी वाढली. "लेकीच्या हातची. पोचेल त्यांना."

ईश्वरी ओट्यापासून एक पाऊल मागं सरकली. काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर स्मितानं तेच पान तिच्या हातांवर ठेवलं. "तूच ने वर. लेकीनं न्यायचं असतं."

जिना चढताना तिनं पायऱ्या मोजल्या, चुकल्या, पुन्हा मोजल्या. हातातलं पान कागदाइतकं हलकं, तरी दंड भरून आले. एकदा वाटलं, घसरल्यासारखं करावं. पाडावं. पण त्यावर पाचवी भाकरी होती.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, शेजारच्या गच्चीवरच्या टाक्या. लांब पारसिकचा डोंगर उन्हात धुरकटलेला. कठड्यावर तीन कावळे आधीच हजर. नंदकिशोरनं पहिलं पान मांडलं. वेणूबाई टाकीच्या सावलीत बसली, डोळे मिटले आणि ऋषीच्या आजी-आजोबांची नावं घेऊन गायली. एक कावळा उतरला, वडा उचलून टाकीवर गेला.

"बाबा जेवले," नंदकिशोर समाधानानं म्हणाले. "वड्याचे शौकीन पहिल्यापासून."

ईश्वरीनं दुसरं पान खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे हातातून सुटलं. वेणूबाईनं सूर बदलला. आता तो खालचा, ओला होता.

"आंब्याचे डाली गो, कावला करी काव,
पोरीचे आयशीचा, सांग गो मना नाव.
सोन्याचा पाट गो, केलीचा पान,
जेव गो मावली, लेकीचा राख मान."

गाणं थांबलं. म्हातारीनं डोळे उघडले. "नाव घे पोरी. नाव घेतल्याबिगर ती कशी येल?"

स्मितानं पदर डोळ्यांना लावला. ऋषी आपल्या चपलांकडे बघत होता.

सुमित्रा. चार अक्षरांचं नाव नाही, तीनच. ते घेतलं की झालं. खाली जाऊन जेवायचं, तारीख काढायची, एसीच्या गारव्यात बसून हसायचं. आता दीड वाजला असेल. नावड्याला ताट वाढून झाकलेलं असेल. आई फोन मांडीवर ठेवून बसली असेल, तो वाजत नाही म्हणून उचलून बघत असेल, पुन्हा ठेवत असेल.

"सांग ना गं," स्मिता हळूच म्हणाली.

कठड्यावरचा दुसरा कावळा खाली उतरला. एक उडी. मान तिरकी. दुसरी उडी. चोच भाकरीच्या फाटक्या कडेवर आली.

"हाड!"

साडीच्या निऱ्या मुठीत धरून ईश्वरी धावली. "हाड! हाड! चल, जा!" वाळत घातलेल्या चादरीत अडकली, सुटली, अंगठा फरशीला घासला, हात वाऱ्यावर फिरवत ती कावळ्यावर तुटून पडली. तो उडाला तर तिसरा आला. तिनं चप्पल काढून भिरकावली. शेवटी पानासमोर गुडघे टेकले आणि, कोंबडी पिलांवर बसावी तशी, दोन्ही हातांनी पदर पसरून पानावर ओणवी झाली.

"अगं, खाऊ दे त्याला," नंदकिशोर गोंधळून म्हणाले. "तो आला ते चांगलंच—"

"नाही! माझी आई आहे. जिवंत आहे. नावड्याला असते, आत्ता माझ्या फोनची वाट बघतेय. ही चटणी तिनंच कुटलीय."

स्मितानं डोळ्यांवरचा पदर काढला.

"ऋषी?" स्मिता म्हणाली.

"मम्मी, मी सांगणारच होतो—"

"तू गप." ती ईश्वरीकडे वळली. "आणि तुझे वडील?"

"साताऱ्याला. आईनं सोडलं त्यांना. हात उचलायचे."

स्मिता टाकीच्या कट्ट्यावर टेकली. तिनं आपले हात पुढे धरले. पीठ नखांत अडकलेलं होतं. "पहाटेपासून रडतेय मी त्या बाईसाठी. दिवा लावला देवाजवळ. आणि तू खाली बसून म्हणालीस, चटणी मी केली."

ऋषीनं सांगायला लावलं, हे ओठावर आलं होतं. ईश्वरीनं गिळलं. "हो काकू. म्हणाले."

पान अजून तिच्या पदराखाली होतं. उचलावं तर कुठं ठेवावं, आणि ठेवावं तर परत कावळे. तेव्हा वेणूबाई गुडघ्यांवर हात देत उठली, आली आणि ईश्वरीचा पदर बाजूला केला.

"नाव घेतला काय? नाय. कावल्यानं शिवला काय? नाय. मंग पानाला धनी नाय." ती फतकल मारून बसली आणि भाकरीचा तुकडा मोडला. "मीच जेवतंय. माजा वय हाय याचा."

"आत्या!"

"भाकरी कडक जालीय स्मिते. पन चटनी झक्कास. बाई हाताची चांगली हाय." बिनदातांच्या तोंडात घास घोळवत तिनं ऋषीकडे बोट केलं. "तू रं. ज्या बाईला मारलंस तिला गाडीवर घालून आन. तुज्या तोंडानं सांग तिला, काय केलास ता."

"आज नको आत्या," स्मिता म्हणाली. "आज मला कोणाशी बोलायचं नाही."

"नको बोलू. तिचे नावानं पान मांडलास, तर तिला जेवाला घाल. जेवल्याव भांडा दोघी."

स्मिता उठली आणि जिना उतरून गेली. ऋषी चावी चाचपत मागोमाग गेला. जाताना त्यानं ईश्वरीकडे पाहिलं; तिनं पाहिलं नाही. त्या दोघांमधलं बोलणं नंतर होणार होतं, आणि ते सोपं नसणारच होतं.

खाली पर्समध्ये सात मिस्ड कॉल होते.

"आई, जेवलीस?"

"तुझा फोन नाही तर कुठली जेवते! मानसं कशी आहेत गं?"

ईश्वरीनं स्वयंपाकघरात पाहिलं. स्मितानं पिठाचा डबा उपडा करून झटकला होता. परातीत तिची सहावी भाकरी मधोमध चिरली, तिनं ती गोळा केली, पुन्हा थापली, पुन्हा चिरली.

"सांगते. पण जेवू नकोस. ऋषी येतोय तुला न्यायला."

"मला? आज? काय झालं का तिकडं?"

"झालंय. तो सांगेल. नाही सांगितलं तर त्याच्या गाडीवर बसू नकोस."

फोन ठेवून ती ओट्याशी गेली. स्मितानं मान वर केली नाही. वर गच्चीवरून वेणूबाईचा आवाज येत होता, मध्येच गाणं, मध्येच "हाड मेल्या!"

"पाणी उकळतं लागतं काकू," ईश्वरी म्हणाली. "गार पाण्यात बाजरी चिरते."

स्मिता तशीच थापत राहिली. मग तिनं पिठाच्या हातानंच पातेलं उचललं, नळाखाली धरलं आणि गॅसवर ठेवलं. काडी मात्र पेटेना. एक विझली, दुसरी मोडली. तिसरी ईश्वरीनं ओढली.