फेब्रुवारीनंतरच्या नोंदी

शनिवारी सकाळी भाऊरावांचा फोन आला तेव्हा नीलम मरोळच्या ऑफिसला निघायच्या बेतात होती.

"नीलम, सर्व्हर उठतच नाही गं. चालू केला की दहा-बारा ओळी लिहितो आणि आपोआप बंद पडतो. कालपासून हेच चाललंय."

"काका, आता त्याला हात लावू नका. मी येते."

तिने ऑफिसला सुट्टी कळवली आणि घाटकोपर पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या भाऊरावांच्या दोन खोल्यांत आली. भाऊराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी घरातून गेला तो परत आला नाही. निवृत्तीनंतर भाऊरावांनी हरवलेल्या माणसांची नोंद ठेवायला सुरुवात केली. एका बाजूला घरच्यांनी सांगितलेलं वर्णन, दुसऱ्या बाजूला आश्रमांत आणि सरकारी दवाखान्यांत पडलेल्या, नाव-गाव न सांगणाऱ्या माणसांचं वर्णन. दोन्ही जुळलं की फोन करायचा. आधी हे सगळं वह्यांत होतं. चार वर्षांपूर्वी नीलमने स्वतःहून सर्व्हर बसवून दिला. तेव्हापासून आश्रम आणि दवाखाने आपल्या नोंदी परस्पर त्यातच भरायचे. डेटाबेस सांभाळणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होता. भाऊराव तिच्या वडिलांचे बुलढाण्याकडचे मित्र, तेव्हा त्यांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"जय भीम, काका. बॅकअपची डिस्क कुठंय?"

भाऊरावांनी कपाटातून डिस्क काढून दिली. नीलमने ती लावली आणि पाहतच राहिली. दर रविवारी एक फाइल तयार झाली होती, पण फेब्रुवारीच्या मध्यापासूनची प्रत्येक फाइल अर्ध्यावर तुटलेली. आता ऑक्टोबर चालू होता. रोजच्या कामावर तिने असं कुणाचं पाहिलं असतं तर सोडलं नसतं. इथे मात्र ती आठ महिने फिरकली नव्हती.

"काही राहिलंय का त्यात?" भाऊरावांनी विचारलं.

"बघू या. आधी आहे तसं सगळं दुसरीकडे उतरवून घेते. मूळ डिस्कवर काही करायचं नाही."

कॉपी व्हायला दीड तास लागला. मग तिने त्या कॉपीवर सर्व्हर सुरू केला. पडला. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की नोंदींच्या मुख्य टेबलातलं एक पान वाचता येत नाही. तिने त्याला फुटकी पानं सोडून द्यायला सांगितलं, तरी पडला. मग मागे चालणारी एकेक कामं बंद करत गेली. चौथ्या खेपेला तो पडला नाही. नवीन काही लिहून घेणार नव्हता, फक्त वाचू देणार होता. तेवढं पुरेसं होतं.

ती पहिल्या नोंदीपासून पुढे वाचत गेली. मध्ये एका जागी तो कोसळला. मग शेवटच्या नोंदीपासून उलटं वाचत त्या जागेपर्यंत आली. दुपारी तीनच्या सुमाराला अकरा हजार चारशे नोंदी तिच्या लॅपटॉपवरच्या नव्या डेटाबेसमध्ये होत्या. फुटलेल्या जागेतल्या सदतीस गेल्या होत्या, आणि त्या जुन्या वह्यांत सापडण्यासारख्या होत्या.

"आलं, काका. जवळजवळ सगळं आलं."

भाऊरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शोध चालतो का ते बघ. अंजनाबाईंचं घाल. ते मला पाठ आहे. पुरुष, वय तीसच्या आसपास, उजव्या मनगटावर होडीचं गोंदण."

अंजनाबाई जुहूच्या कोळीवाड्यातल्या. मासळी विकणाऱ्या. त्यांचा मुलगा परेश डोक्याने आजारी झाला आणि अडीच वर्षांपूर्वी औषधाची चिठ्ठी खिशात घेऊन बाहेर पडला तो गेलाच. दर गुरुवारी बाजार उरकला की त्या घाटकोपरला यायच्या. भाऊराव शोध घ्यायचे, स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवायचे. वाचता येत नव्हतं तरी त्या पाहायच्या, "नाय ना? बरं," म्हणून चहा पिऊन जायच्या.

नीलमने शोध घेतला. एक नोंद आली.

"नवीन आली वाटतं," भाऊराव उठून उभे राहिले. "वाच, वाच."

"पुरुष, अंदाजे तीस. बोलत नाही. उजव्या मनगटावर होडी, खाली 'अ' हे अक्षर." तिचा आवाज खाली आला. "नोंदीची तारीख एकोणीस फेब्रुवारी."

"कसं शक्य आहे? मी दर गुरुवारी बघतो."

नीलमने जुन्या कॉपीवर तोच शोध घेतला. एकही नोंद नाही. मग सूची न वापरता टेबल थेट वाचायला सांगितलं. नोंद आली. तिने तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

"काका, पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणारी, तशी इथेही असते. शोध त्या सूचीतून होतो. ती सूची फेब्रुवारीत फाटली. त्यानंतर आलेल्या नोंदी टेबलात होत्या, पण सूचीत गेल्याच नाहीत. आज नव्या डेटाबेसमध्ये सूची नवीन बनली, म्हणून ही दिसली."

"म्हणजे तो इथंच होता."

"हो."

भाऊराव खुर्चीत बसले. म्हणाले, "फेब्रुवारीत मी तुला फोन केला होता. शोध घेताना लाल अक्षरं येतात म्हणून."

तिला आठवत होतं. ती मीटिंगमध्ये होती. कानाला फोन लावूनच बाहेर आली होती आणि म्हणाली होती, बंद करून चालू करा, जाईल ते. आणि गेलं होतं. लाल अक्षरं पुन्हा आली नव्हती. काय लिहिलंय ते वाचून दाखवा, एवढंसुद्धा तिने विचारलं नव्हतं.

"ही नोंद ज्या आश्रमाने भरली, त्यांना फोन लावा, काका," ती म्हणाली.

आश्रम पनवेलच्या पुढे होता. फोन स्पीकरवर होता. पलीकडची बाई भली होती, तिने लगेच रजिस्टर काढलं. "तो गेला हो. अकरा जूनला. छातीत कफ झाला होता, दवाखान्यात नेलं पण राहिला नाही. कुणी आलं नाही म्हणून आम्हीच केलं सगळं." मग म्हणाली, "गुणी होता. एक अक्षर बोलायचा नाही. पण आमच्या मैदानातलं बॅडमिंटनचं जाळं फाटलं होतं, ते त्याने दोन दिवस बसून असं विणून दिलं की नवं वाटावं. आम्ही म्हणायचो, हा कुठे शिकला असेल?"

भाऊरावांनी फोन ठेवला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"तिला उद्या सांगू," ते म्हणाले. "माहिती आजच हाती आली, एवढंच सांगू. त्यात खोटं काही नाही."

"आणि तारीख?"

"तारीख कशाला विचारेल ती? नीलम, तिला त्याने काय मिळणार? जाणारा गेला."

नीलमलाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच तिला भीती वाटत होती.

रविवारी सकाळी दोघं जुहूला गेले. अंजनाबाई दारात सुपात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी निशा. भाऊरावांना असं अचानक दारात बघून अंजनाबाईंचा हात थांबला. भाऊरावांनी सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य करून. आश्रम, छातीतला कफ, अकरा जून. निशा रडायला लागली. अंजनाबाई रडल्या नाहीत. सूप बाजूला सारून पदराला हात पुसत राहिल्या.

"तिथं कदी आलेला तो?" त्यांनी विचारलं.

भाऊरावांनी नीलमकडे पाहिलं. ती पुढे होऊन अंजनाबाईंसमोर जमिनीवर बसली.

"मावशी, फेब्रुवारीत. तेव्हाच त्याची माहिती आमच्याकडे आली होती. पण आमच्या मशीनमध्ये बिघाड झाला होता, म्हणून ती शोधात दिसली नाही. तो बिघाड काकांनी मला तेव्हाच सांगितला होता. मी लक्ष दिलं नाही. चूक माझी आहे, काकांची नाही."

अंजनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. समजायला वेळ लागला. मग विचारलं, "शिमग्याला होता?"

"होता."

"मी शिमग्यानंतर आली व्हती तुमच्याकडं. पुरणपोळी घेऊन." त्या भाऊरावांकडे वळल्या. "आली व्हती ना, भाऊ?"

भाऊरावांनी मान डोलावली.

"तवा जित्ता व्हता."

"हो, मावशी."

नीलमला वाटलं होतं, त्या ओरडतील, शिव्या घालतील. ती त्याच तयारीने आली होती. अंजनाबाईंनी फक्त विचारलं, "जेवत व्हता का नीट?" आणि आश्रमातल्या बाईने जे जे सांगितलं होतं ते नीलमने सगळं सांगितलं. जाळ्याचं ऐकलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला.

"आमच्या बापानं शिकवलेलं त्याला," निशा म्हणाली.

निघताना नीलमने विचारलं, पनवेलला न्यायला गाडी घेऊन येऊ का. अंजनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"भाऊ येतील माझ्याबरोबर. तू नको येऊस, पोरी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर नीलमला सोपं गेलं असतं.

पुढचे चार शनिवार-रविवार ती घाटकोपरच्या खोलीत बसून होती. नवा सर्व्हर लावला, बॅकअप रोज उघडून तपासायची सोय केली. ते दोन दिवसांत झालं. बाकीचे दिवस ती फेब्रुवारीनंतरच्या दोनशे बारा नोंदी एकेक करून हाताने ताडून पाहत होती, कुठल्याही सूचीवर न विसंबता. दोन जुळल्या. एक बाई ठाण्याच्या दवाखान्यात ऑगस्टमध्ये वारली होती. दुसरी मुलुंडची आजी जिवंत निघाली. तिचा मुलगा तिला घेऊन पेढे द्यायला आला, तेव्हा नीलम आतल्या खोलीत गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

अंजनाबाई त्यानंतर आल्या नाहीत. यायचं कारण उरलं नव्हतं. एकदा अंधेरीहून परतताना नीलम मुद्दाम वाट वाकडी करून जुहूच्या मासळीबाजारात गेली. त्या लांबून दिसल्या. एका गिऱ्हाइकाला सुरमई कापून देत होत्या, भावावरून हुज्जत घालत होत्या, हात भराभर चालत होते. नीलम थोडा वेळ नारळवाल्याच्या गाडीमागे उभी राहिली. मग रिक्षा करून घरी गेली.